प्रवेशपरीक्षा, संगणक आणि बडोद्याचा अनुभव



या व्याख्यानमालेसाठी आपण मला निमंत्रण दिलेत, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण एकत्र जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे या सभागृहात बसलेली आहेत. त्यांच्यासमोर गुरुजींचे गुणवर्णन मी करणे औचित्याला धरून होणार नाही. शिक्षकाच्या स्मृतीला वंदन करायचे तर शिक्षणातल्या एखाद्या जिवंत प्रश्नाची चर्चा करावी, अशी माझी समजूत आहे. म्हणून तसा एक प्रश्न मी आज निवडला आहे.

दहावी-बारावीचे मूल ज्या घरात आहे, त्या घरात हा प्रश्न रोज विचारला जातो. मुलाला संगणक घेऊन दिला, सरावपरीक्षांची वर्गणी भरली, तर प्रवेशपरीक्षेत त्याचे गुण वाढतील काय? मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मिळकतीतला मोठा वाटा आज या प्रश्नाच्या उत्तरावर खर्च होतो, आणि ज्या कुटुंबाला तो खर्च झेपत नाही, तेथे मुलाच्या मनात आपण शर्यत सुरू होण्यापूर्वीच हरलो ही भावना घर करते. जाहिरातदार या प्रश्नाला ठाम होकार देतात. जुन्या वळणाचे शिक्षक तितकाच ठाम नकार देतात. मी इतिहासाचा अभ्यासक आहे. कोणाला काय वाटते यापेक्षा पूर्वी काय घडले आणि ते कोणी कसे मोजले, हे पाहण्याची आमची रीत. या रीतीने पाहू जाता असे दिसते की, या प्रश्नाचे एक अत्यंत काळजीपूर्वक काढलेले उत्तर आपल्याच गावात, बडोद्याच्या नगरपालिकेच्या शाळांत काढले गेले आहे. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ ते जाणतात. आपण बडोदेकर मात्र त्याविषयी फारसे बोलत नाही.

परीक्षेचे दार

महाविद्यालयाच्या दारावर परीक्षा उभी करण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८८१ मध्ये बडोदे कॉलेजची स्थापना झाली. तेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने बडोद्याच्या मुलांनाही त्याच दारातून आत जावे लागे. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन होईपर्यंत ही व्यवस्था टिकली.

या दाराविषयी बडोद्याच्या दोन आठवणी सांगण्याजोग्या आहेत. विनायक नरहर भावे नावाचा एक मुलगा १९१३ मध्ये मॅट्रिक होऊन बडोदे कॉलेजात दाखल झाला. १९१६ च्या मार्च महिन्यात इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, पण सुरतेस उतरून काशीच्या वाटेला लागला. आपली प्रमाणपत्रे त्याने त्यापूर्वीच चुलीत घातली होती. पुढे जग त्याला विनोबा म्हणून ओळखू लागले. परीक्षेचे दार ओलांडण्यास नकार देऊनही ज्ञान मिळवता येते, याचा हा दाखला. परंतु असा नकार देणे लाखांत एखाद्यालाच झेपते.

दुसरी आठवण अधिक कठोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. समोर आलेली प्रत्येक परीक्षा उत्तीर्ण होऊन ते १९१७ मध्ये कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. त्यांना या शहरात राहायला जागा मिळेना. काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. परीक्षा माणसाला दारापर्यंत आणते. आत बसायला जागा द्यायची की नाही, हे समाज ठरवतो. प्रवेशपरीक्षेच्या तयारीची चर्चा करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

सयाजीराव महाराजांना हे चांगले उमगले होते. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले, तेथे तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्यावर भर होता. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या जाळ्यातील फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या पुस्तके घेऊन खेड्यापाड्यांत जात. साधन माणसाच्या दाराशी न्यावे आणि ते वापरण्याची रीतही सोबत पाठवावी, असे त्या योजनेचे सूत्र होते. हे सूत्र आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

यंत्राची वंशावळ

शिकवणारे यंत्र ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत ओहायो येथील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात चार कळा असलेले एक यंत्र तयार केले. खिडकीतून प्रश्न दिसे, विद्यार्थी चारांपैकी एक कळ दाबी, आणि उत्तर बरोबर आल्याखेरीज पुढचा प्रश्न दिसत नसे. आजच्या प्रवेशपरीक्षेतील चार पर्यायांचा सराव हा या यंत्राचाच वंशज होय. पुढे १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. वर्गात मुलगा गणित सोडवतो, पण ते बरोबर आले की चुकले हे त्याला दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानंतर कळते. या विलंबात शिकण्याची संधी वाया जाते, हे त्यांचे निरीक्षण. मजकुराचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर प्रश्न असावा, उत्तर तत्काळ पडताळता यावे आणि प्रत्येकाने आपल्या गतीने पुढे जावे, ही त्यांची पद्धत. मराठी शिक्षणशास्त्रात तिला आपण क्रमान्वित अध्ययन म्हणतो.

ही पद्धत भारतात आली तेव्हा तिच्या अभ्यासात बडोदे मागे नव्हते. आपल्या विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने १९७४ मध्ये प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली भारतातील शैक्षणिक संशोधनाचे पहिले मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात क्रमान्वित अध्ययनावरील संशोधनाचाही परामर्श घेतलेला आहे. हे सारे काम कागदावर चाले. यंत्र घेण्याइतका पैसा आपल्या शाळांकडे नव्हता. १९८४ मध्ये केंद्र शासनाने निवडक शाळांत संगणक देण्याची ‘क्लास’ योजना सुरू केली आणि बीबीसी मायक्रो नावाचे संगणक देशातील काही शाळांत आले. तेव्हा मुले संगणकाविषयी शिकत. संगणकाकडून शिकण्याचा विचार आपल्या शाळांत रुजायला आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

येथे आपल्या जुन्या पाठशाळेची आठवण करून दिल्यावाचून राहवत नाही. पाढे, पावकी, निमकी यांची संध्याकाळची उजळणी आपण मागासलेपणाची खूण म्हणून सोडून दिली. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून न पाहता तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला आणि वाचणारांना सुमारे ४० टक्के. पुस्तक मिटून आठवणे हाच पाठ पक्का करण्याचा मार्ग, हे आपल्या पंतोजींना ठाऊक होते. सरावपरीक्षेत जो गुण आहे, त्याचे मूळ यात आहे. संगणक त्यात भर घालतो ती तत्काळ पडताळ्याची आणि न कंटाळता नवा प्रश्न पुढे करण्याची.

बडोद्याचा प्रयोग

आता मुख्य विषयाकडे येतो. २००० साली गुजरात शासनाने बडोद्यातील नगरपालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळांत ते वापरात असल्याचे आढळले. यंत्र आले, परंतु ते कोणी, कोणत्या तासाला, कशासाठी वापरायचे, हे त्याच्यासोबत आले नव्हते. महाराजांच्या पुस्तकपेट्यांचे सूत्र येथे निसटले.

‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. माधव चव्हाण हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. या संस्थेने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांबरोबर बडोद्यात आणि मुंबईत दोन उपक्रमांची कसोटी घेण्याचे ठरवले. त्या वेळी मुलांची स्थिती काय होती, हे एका आकड्यावरून कळेल. बडोद्यात तिसरीत नाव असलेल्या मुलांपैकी केवळ १९.५ टक्के मुलांना पहिलीच्या गणिताची उत्तरे बरोबर देता येत होती.

पहिला उपक्रम ‘बालसखी’. वस्तीतीलच शालान्त शिक्षण झालेली तरुण मुलगी महिना ५०० ते ७५० रुपये मानधनावर मागे पडलेली पंधरा-वीस मुले दिवसातून दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना वाचन व अंकगणित शिकवी. दुसरा उपक्रम संगणकाचा. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणक मिळे. एक तास शाळेच्या वेळात, एक तास शाळेच्या आधी किंवा नंतर. एका संगणकावर दोन मुले. त्यावर गणिताचे खेळ होते. मूल बरोबर उत्तरे देऊ लागले की खेळ अवघड होत जाई. सोबत एक प्रशिक्षित तरुण असे. त्याने शिकवायचे नव्हते. मूल त्याच्या कुवतीला ताण देणाऱ्या पातळीवर खेळते आहे ना, एवढे पाहायचे आणि अडल्यास मदत करायची.

या प्रयोगाचे मोल त्याच्या मांडणीत आहे. ज्या शाळेने उत्साह दाखवला तिला उपक्रम दिला असता, तर निकाल उत्साहाचा आला की उपक्रमाचा, हे सांगता आले नसते. म्हणून कोणत्या शाळेत उपक्रम चालवायचा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निव्वळ योगायोगावर ठरवले गेले. सुमारे निम्म्या शाळांत उपक्रम झाला, उरलेल्यांत झाला नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची आधी व नंतर एकच परीक्षा घेतली गेली.

निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक तो प्रमाण विचलनाच्या भाषेत सांगतात. मी तो साध्या भाषेत मांडतो. गुणांच्या क्रमाने शंभर मुले रांगेत उभी केली आहेत अशी कल्पना करा. रांगेत मध्यावर, म्हणजे पन्नास मुलांच्या पुढे असलेले एक मूल घ्या. संगणकाच्या उपक्रमाने २००२-०३ या वर्षी गणितात ०.३५ आणि २००३-०४ या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनांची वाढ झाली. म्हणजे ते मूल पहिल्या वर्षी सुमारे चौसष्ट आणि दुसऱ्या वर्षी सुमारे अडुसष्ट मुलांच्या पुढे गेले. आठवड्याच्या दोन तासांत झालेली ही वाढ लहान म्हणता येणार नाही. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांना तिचा लाभ सारखाच झाला. ‘बालसखी’ने दुसऱ्या वर्षी ०.२८ ची वाढ दिली, आणि तिचा मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांच्या पदरी पडला.

जाहिरातदार आपली गोष्ट येथे संपवील. इतिहासकाराला पुढची तीन पाने वाचावी लागतात.

पहिले पान खर्चाचे. यंत्राची झीज धरून संगणकाच्या उपक्रमाला दर मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये लागले. ‘बालसखी’ला सुमारे १०७ रुपये. एका रुपयाला किती शिक्षण मिळाले, असा हिशेब केला तर शेजारची शिकलेली मुलगी यंत्रापेक्षा कित्येक पटींनी सरस ठरली.

दुसरे पान काळाचे. उपक्रम बंद झाल्यावर वर्षाने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा दोन्ही उपक्रमांची वाढ ओसरून सुमारे ०.१० वर आली होती. आपल्या रांगेतले ते मूल चोपन्नाच्या आसपास येऊन थांबले. पाणी घालणे थांबले की रोप सुकते, यात रोपाचा दोष नाही. परंतु एका वर्षाचा संगणक-सराव ही आयुष्यभराची शिदोरी आहे, असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

तिसरे पान विषयाचे. संगणकावर गणिताचे खेळ होते आणि वाढ झाली ती गणितात. भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. यंत्रासमोर बसल्याने बुद्धी सर्वसाधारणपणे तल्लख होते, ही समजूत बडोद्याच्या आकड्यांना मान्य नाही. जे घोटवले जाते, तेच पक्के होते.

बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दारिद्र्यनिवारणाच्या उपायांची अशी प्रायोगिक कसोटी घेण्याच्या ज्या पद्धतीसाठी ते दिले गेले, तिच्या आरंभीच्या प्रयोगांत आपल्या नगरपालिकेच्या शाळांतील मुले होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या अभिमानाबरोबर येणारी जबाबदारीही आपण पत्करली पाहिजे.

तास कोणाचा घेतला?

बडोद्यात यश आले म्हणून ते सर्वत्र येईल, असे नाही. याच ली लिंडेन यांनी गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दुसरा प्रयोग केला. तेथे संगणक दोन रीतींनी वापरला गेला. काही वर्गांत मुलांना चालू तासातून उठवून संगणकावर बसवले. काही ठिकाणी शाळेव्यतिरिक्त वेळात. जेथे शिक्षिकेचा तास घेऊन संगणक दिला, तेथे मुलांचे गुण ०.५७ प्रमाण विचलनांनी घटले. रांगेतले पन्नासावे मूल अठ्ठाविसाच्या आसपास येऊन पडले. जेथे शाळेबाहेरचा वेळ दिला, तेथे ०.२८ ची वाढ झाली. यंत्र तेच, संस्था तीच. चांगल्या शिक्षिकेचा तास हिरावून दिलेला संगणक मुलाचे नुकसान करतो आणि रिकाम्या तासात दिलेला त्याला पुढे नेतो.

पेरू देशाचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथील शासनाने ग्रामीण शाळांतील मुलांना लाखोंच्या संख्येने छोटे संगणक वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत काहीही वाढ आढळली नाही. अभ्यासाची मांडणी आणि सोबतचे माणूस या दोहोंवाचून यंत्र गेले, की असे होते.

आपल्या आजच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा असा आणखी एक प्रयोग आहे. अहमदाबादच्या ‘एज्युकेशनल इनिशिएटिव्हज’ या संस्थेने ‘माइंडस्पार्क’ नावाची संगणकीय पद्धत तयार केली. मुलाची पातळी ओळखून ती त्या पातळीचे प्रश्न देते. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर तिची कसोटी घेतली. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ ची वाढ झाली. परंतु त्याच मुलांच्या शाळेतील गणिताच्या परीक्षेत म्हणावा तसा फरक दिसला नाही. कारण मुले आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे होती. सातवीचे मूल चौथीचे गणित खरोखर शिकले. पण शाळेची प्रश्नपत्रिका सातवीची होती.

मित्रहो, प्रवेशपरीक्षेच्या तयारीचे सारे दुःख या एका निकालात सामावले आहे. बारावीच्या उंचीवर बसवलेली परीक्षा, पाया कच्चा राहिलेल्या मुलाने घेतलेली प्रगती पाहूच शकत नाही. तो मुलगा अकरावीत संगणकावर दोन हजार प्रश्न सोडवील आणि त्यांतील बहुतेक त्याच्या डोक्यावरून जातील. त्याला आधी जी पायरी हवी, ती सरावपरीक्षेच्या संचात नसते.

प्रवेशपरीक्षा आणि तयारीचा बाजार

आता प्रवेशपरीक्षांकडे वळू. आयआयटीची सामायिक प्रवेशपरीक्षा १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, तेव्हा ती मूठभर जागांसाठी होती. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालये वाढली, वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करणे अवघड झाले, आणि एकामागून एक परीक्षा आल्या. २००२ मध्ये अखिल भारतीय अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षा आली. गुजरातेत २००६ मध्ये गुजकेट सुरू झाली. २०१३ पासून अभियांत्रिकीसाठी तिच्या जागी जेईई मुख्य परीक्षा आली आणि २०१७ मध्ये गुजकेट परतली. धोरण असे फिरत असताना मधल्या तुकड्यांची काय तारांबळ उडाली असेल, याची कल्पना पालकांना करून द्यायला नको.

परीक्षाही हळूहळू संगणकावर गेली. पिलानीच्या बिट्स संस्थेने २००५ मध्ये आपली परीक्षा संगणकावर घेतली. २००९ मध्ये व्यवस्थापन संस्थांची कॅट गेली. २०१८ मध्ये जेईई प्रगत आणि २०१९ मध्ये जेईई मुख्य व महाराष्ट्राची सीईटी. पूर्वी संगणक हे तयारीचे साधन होते. आता तो परीक्षेचा कागद झाला. त्यामुळे ज्याने पडद्यावर आलेख वाचला नाही, घड्याळ उलटे मोजत असताना प्रश्न सोडून पुढे जाण्याचा निर्णय घेतला नाही, तो मुलगा विषय येत असूनही गडबडतो. एवढी ओळख करून घेण्यास काही मोजक्या सरावपरीक्षा पुरतात. राष्ट्रीय परीक्षा संस्थेने २०१८ मध्ये अशा सरावासाठी केंद्रे उघडली, २०२० मध्ये विनामूल्य सरावाचे ॲप दिले. २०२३ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि कानपूरच्या आयआयटीने ‘साथी’ ही विनामूल्य तयारीची योजना सुरू केली. म्हणजे ओळखीपुरता सराव विकत घेण्याची गरज उरलेली नाही.

त्यापलीकडची तयारी गुण किती वाढवते? येथे अमेरिकेचा अनुभव पाहावा, कारण सॅट ही परीक्षा तेथे १९२६ पासून चालत आली आहे आणि तिच्या शिकवण्यांचा बाजारही जुना आहे. शिकवणी वर्ग शंभर-शंभर गुणांच्या वाढीची हमी देत. पॉवर्स आणि रॉक यांनी १९९९ मध्ये वर्गांना गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येकी २०० ते ८०० गुणांच्या दोन भागांत सरासरी वाढ निघाली ती भाषेत सुमारे ८ आणि गणितात सुमारे १८ गुणांची. २०१५ पासून सॅटची विनामूल्य संगणकीय तयारी खान अकादमीवर मिळू लागली. २०१७ मध्ये असे जाहीर झाले की, वीस तास सराव केलेल्या मुलांचे गुण पूर्वपरीक्षेच्या तुलनेत सरासरी ११५ नी वाढले. आकडा मोठा आहे; पण वीस तास आपणहून बसणारे मूल आणि न बसणारे मूल मुळातच वेगळी असतात. तेथे बडोद्यासारख्या चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. म्हणून सॅटच्या ११५ गुणांपेक्षा बडोद्याच्या ०.४७ वर माझा अधिक विश्वास आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. शिकणे आणि क्रमांक लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चौथीतले सारे मूल भागाकार शिकले, तर साऱ्यांचा लाभ होतो. प्रवेशपरीक्षेत दहा लाखांहून अधिक मुले बसतात आणि जागा ठरलेल्या असतात. जेईई मुख्य परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने २०१९ पासून तिचा निकालच शतमकात, म्हणजे आपण किती टक्के मुलांच्या पुढे आहोत या मापात, लागतो. साऱ्यांनी सारखाच सराव केला तर साऱ्यांचे ज्ञान वाढेल, पण रांग होती तशीच राहील. सराव काहींनीच केला, तर ते पुढे सरकतील ते न करू शकलेल्यांना मागे सारून. लातूरच्या शिक्षकांनी नियमित चाचण्या आणि उजळणी यांच्या बळावर जो पॅटर्न उभा केला, त्याचे मोल यात होते की, मोठ्या शहराबाहेरच्या मुलाच्या हाती तो सराव आला. महागड्या वर्गणीच्या पडद्यामागे गेलेला सराव नेमके याच्या उलट करतो.

शाळेने काय करावे?

एवढ्या विवेचनावरून माझे उत्तर असे. संगणकावरील तयारी परिणामकारक ठरते ती तीन अटींवर. ती मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून सुरू झाली पाहिजे; शिक्षकाच्या तासात भर घालणारी असली पाहिजे, त्याचा तास खाणारी नको; आणि सोबत लक्ष ठेवणारे माणूस असले पाहिजे. या अटी पाळल्या तर साधा संगणकही पुरतो. त्या मोडल्या तर महागडी वर्गणीही मुलाच्या हाती थकवा आणि न्यूनगंड ठेवून जाते. आणि या तिन्ही अटी पुरवणे बाजारापेक्षा शाळेला अधिक साधते.

म्हणून आपल्या शाळेपुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवतो. संगणकाची खोली शाळा सुटल्यावर दोन तास उघडी असावी. ती आठवीपासून उघडी असावी, बारावीची वाट पाहू नये. कारण दिल्लीच्या मुलांनी दाखवून दिले की, पाया भरायला वेळ लागतो. प्रथम मुलाची पातळी तपासावी, मग प्रश्न द्यावेत. चुकलेल्या उत्तरांची वही प्रत्येक मुलाने ठेवावी आणि आठवड्याने तेच प्रश्न वही मिटून पुन्हा सोडवावेत. वर्षाअखेरीस ज्यांनी हे केले त्यांची प्रगती मोजावी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजावी. बडोद्याचा प्रयोग वर्षाने तपासला गेला म्हणूनच त्याने आपल्याला खरे सांगितले.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. आपल्या शहरातील मराठी मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात बहुधा इंग्रजी बोलतात. २०२१ पासून जेईई मुख्य परीक्षा मराठी आणि गुजरातीसह तेरा भाषांत देता येते. अडलेली संकल्पना मुलाला ज्या भाषेत कळते त्या भाषेत समजावून देणारे माणूस त्या खोलीत असावे. कलाभवनाने १८९० मध्ये जे ओळखले, ते आपण एकशेतीसहून अधिक वर्षांनी विसरू नये.

माजी विद्यार्थ्यांना एक विशेष विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण शाळेला संगणक भेट देऊ इच्छितात. तो भाव स्तुत्य आहे. परंतु २००० ते २००२ या दोन वर्षांत याच शहरात चार-चार संगणक मुलांविना बसून राहिले होते, हे आपण ऐकलेत. यंत्रासोबत आपला आठवड्याचा एक तास द्या. ज्यांनी स्वतः प्रवेशपरीक्षा दिली आहे, असा नुकताच अभियांत्रिकीला गेलेला मुलगा किंवा वैद्यकीला गेलेली मुलगी त्या खोलीत बसली, तर ‘बालसखी’चे काम आपल्या शाळेत पुन्हा सुरू होईल. रुपयांचा हिशेब त्या वस्तीतल्या मुलीच्या बाजूने लागला होता, हे मी मघाशी सांगितलेच.

प्रवेश मिळेल की नाही, याची हमी कोणतेही यंत्र देणार नाही आणि कोणत्याही शाळेने देऊ नये. जागा मोजक्या आहेत आणि त्या वाढवणे हे शासनाचे व समाजाचे काम आहे. ते आपण नागरिक म्हणून मागत राहिले पाहिजे. परंतु ज्याला प्रवेश मिळाला नाही, त्याच्याही पदरी तयारीच्या काळात काही खरे शिक्षण पडले पाहिजे, एवढे पाहणे शाळेच्या हाती आहे. ज्या गुरुजींचे स्मरण करण्यास आपण जमलो, त्यांचे कामही याहून निराळे नव्हते, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकत आलो आहे.